घाट चढायचा तर आधी दात मोजा, मग किलो

मराठवाड्यात सायकल चालवणाऱ्या बहुतेकांचा सराव सपाट रस्त्यावर होतो. रोज तीस-चाळीस किलोमीटर आरामात होतात, म्हणून एखाद्या रविवारी खुलताबादमार्गे म्हैसमाळ किंवा बीडहून मांजरसुंब्याचा घाट ठरतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर मांड्या भरून येतात. उतरून सायकल ढकलत वर जाताना प्रत्येकाचं निदान तेच असतं: सायकल जड आहे. मग हलकी सायकल घेतली जाते. ती सपाटीवर झकास पळते आणि घाटात त्याच वळणावर थांबते, कारण तिचे गियर जुन्या सायकलीपेक्षाही जड असतात.

वजनाने फरक पडतो. तो किती पडतो हे मात्र खरेदीआधी मोजायला हवं. बहुतेकांची खरी अडचण गियरची असते, आणि ती हलक्या सायकलीच्या किमतीच्या अगदी छोट्या हिश्श्यात सुटते. खालची कामं दिलेल्या क्रमानेच करा. मधली पायरी गाळून थेट दुकानात गेलात तर चुकीची वस्तू घरी येण्याची शक्यता जास्त.

## तयारी

घरचा वजनकाटा, मोजपट्टी, खडू, वही, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा नकाशा असलेला फोन एवढं पुरे. सोबत एक जण हवा, सायकल धरायला.

आधी चेन आणि मागच्या दातेरी चकत्या रॉकेल-ब्रशने स्वच्छ करा. काळ्या चिखलाखाली दात मोजता येत नाहीत आणि झिजही दिसत नाही. मग टायरमध्ये हवा भरा. किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं.

तपासा: दोन्ही चाकं एकेक करून उचला आणि हाताने फिरवा. चाक सुटं फिरून हळूहळू थांबलं पाहिजे. ब्रेकचा गुटका एका जागी घासत असेल, डिस्क कुरकुरत असेल किंवा हबची (चाकाच्या मधल्या भागाची) बेअरिंग कोरडी असेल, तर ते आधी दुरुस्त करा. कमी हवा आणि घासणारा ब्रेक मिळून घाटात अनेक किलोंचं ओझं वाढवल्यासारखा त्रास देतात, आणि त्याचं खापर सायकलच्या वजनावर फुटतं.

## १. एकूण वजन मोजा

घाट नुसती सायकल चढत नाही. तुम्ही, सायकल, पाणी, बूट, हेल्मेट, कुलूप, पंप, खिशातला फोन, सगळं वर जातं. म्हणून रस्त्यावर निघता तसे पूर्ण तयार होऊन, सायकल हातात उचलून वजनकाट्यावर उभे राहा. येतो तो आकडा लिहा. काटा लहान असेल तर ओळखीच्या भुसार दुकानातला मोठा काटा वापरा.

या लेखापुरतं एक उदाहरण धरू: माणूस ७० किलो, हायब्रिड (रोडबाइक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली) सायकल १४ किलो, बाकी सामान ३ किलो. एकूण ८७ किलो.

साधारण अंदाज हवा असेल तर: जुन्या पद्धतीची काळी घोडा-सायकल २० किलोच्या आसपास किंवा वर, पुढे सस्पेन्शन असलेली स्वस्त एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल) १५ ते १७, हायब्रिड १३ ते १५, ॲल्युमिनियमची रोडबाइक साडेनऊ ते ११. दुकानदार सांगतो ते वजन बहुधा पायडल आणि स्टँडशिवायचं असतं, म्हणून स्वतः मोजलेलंच खरं माना.

नेहमीची चूक: १४ किलोची सायकल १० किलोची झाली की चढ जवळजवळ तीस टक्के हलका होईल असं समजणं. ८७ चे ८३ होतात. फरक साडेचार टक्क्यांचा आहे.

## २. दात मोजा, चाकाचा घेर मोजा

पुढे पायडलजवळ असते ती चेनव्हील, मागे चाकावर असतो तो फ्रीव्हीलचा किंवा कॅसेटचा संच. घाटासाठी दोनच आकडे महत्त्वाचे: पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात. एका दातावर खडूची खूण करून मोजा. बऱ्याच चकत्यांवर आकडा कोरलेलाही असतो.

आता घेर. व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा, जमिनीवर खूण करा, सायकलवर बसा (सोबतचा माणूस धरेल), आणि व्हॉल्व्ह पुन्हा खाली येईपर्यंत सरळ पुढे जा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे घेर. बसूनच मोजा, कारण वजनाने टायर दबतो. ७०० × ३५ टायरला हा आकडा सुमारे २.१७ मीटर येतो, ७०० × २५ ला २.१० च्या आसपास, २६ इंची एमटीबीला साधारण २.०५.

पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले घेर. येतं ते म्हणजे पायडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते. सोयीसाठी याला झेप म्हणू. झेप जितकी छोटी तितका गियर हलका.

काही नेहमीचे संच:

- हायब्रिड, पुढे २४, मागे २८: झेप १.८६ मीटर
- तीच सायकल, मागे ३४: १.५३ मीटर
- रोडबाइक, पुढे ३४, मागे २८: २.५५ मीटर
- तीच, मागे ३४: २.१० मीटर
- साधी सायकल, पुढे ४४, मागे १८, मोठं २८ इंची चाक: जवळजवळ ५.४ मीटर

या यादीकडे नीट पाहा. दुकानात १४ गियरच्या सायकलीशेजारी १६ गियरची रोडबाइक उभी असते आणि गिऱ्हाईक १६ पाहून खूश होतं. गियर किती आहेत याला घाटात अर्थ नाही. सर्वांत छोटी झेप किती, एवढंच पाहायचं.

## ३. घाट मोजा

नकाशावर घाटाच्या पायथ्याची आणि माथ्याची उंची घ्या, वजाबाकी करा, रस्त्याच्या लांबीने भागा. ३ किलोमीटरमध्ये १८० मीटर चढत असाल तर सरासरी चढ ६ टक्के.

पण सरासरीवर विसंबू नका. मधे अर्धा किलोमीटर सपाट असेल तर उरलेला रस्ता ६ पेक्षा बराच जास्त चढतो. म्हणून घाटाचे पाचशे-पाचशे मीटरचे तुकडे करा आणि प्रत्येकाचा चढ वेगळा काढा. सर्वांत उभ्या तुकड्याचा आकडा वहीत मोठ्या अक्षरांत लिहा, गियर त्याच्यासाठी निवडायचा आहे. फोनचा जीपीएस उंचीच्या बाबतीत चुकतो, त्यामुळे चालत्या सायकलवर दिसणारे टक्के प्रमाण मानू नका.

घाट कोणत्या बाजूने चढायचा हेही इथेच ठरवा, कारण मराठवाड्याचा बराच भाग पठारावर आहे आणि काही घाट आपल्याला उलटे भेटतात. कन्नडहून चाळीसगावकडे निघालात तर औट्रम घाट आधी उताराचा लागतो. अजिंठा गावाकडून फर्दापूरला जातानाही तेच. म्हणजे जाताना मजेत उतरता आणि खरा चढ परतीच्या वाटेवर, थकलेल्या पायांनी, बहुधा उन्हात करावा लागतो. वेरूळहून खुलताबादकडे परतणाऱ्यांनाही हा अनुभव येतो. उलट बीडहून मांजरसुंबा, परळीहून अंबाजोगाई, सोलापूरकडून तुळजापूर, तेलगावहून धारूर हे बालाघाटावर चढणारे रस्ते आहेत. तिथे चढ आधी येतो, पाय ताजे असतात.

सावध: परतीच्या चढासाठी गियर निवडताना एक पायरी हलका निवडा. सकाळी जमलेली गोष्ट दुपारी जमेलच असं नाही.

## ४. आपला चढायचा वेग मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि म्हणूनच दुसऱ्याची सायकल पाहून गियर घेतात. दुसऱ्याचे पाय आपल्याला लावता येत नाहीत.

ओळखीचा एखादा सलग चढ निवडा. छत्रपती संभाजीनगरकरांना दौलताबादहून खुलताबादकडे चढणारा घाट सोयीचा आहे. तो एकदा, न थांबता, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोराने चढा. जीव तोडून चढू नका, कारण रविवारच्या फेरीत तसं चढणार नाही. किती मीटर उंची, किती मिनिटांत, एवढंच लिहा.

मीटर भागिले मिनिटं गुणिले ६०. १५० मीटर १८ मिनिटांत चढलात तर तासाला ५०० मीटर. सायकल आणि सामान तेच ठेवलं तर हा आकडा वेगवेगळ्या घाटांत फारसा बदलत नाही, म्हणून त्यावर हिशेब उभारता येतो. चढ छोटा असेल तर आकडा फसवा येतो. निदान दहा मिनिटांचा चढ निवडा.

## ५. हिशेब: मिनिटाला पायडलचे किती फेरे?

आता चारही आकडे एकत्र आणा. आपल्या उदाहरणातला माणूस तासाला ५०० मीटर उंची गाठतो. ८ टक्के चढावर तासाला ५०० मीटर वर जायचं तर रस्त्यावर ५०० भागिले ०.०८, म्हणजे ६,२५० मीटर कापायला हवेत. ताशी सव्वासहा किलोमीटर, मिनिटाला १०४ मीटर.

या १०४ ला झेपेने भागा.

हायब्रिडवर २४-२८ असेल तर मिनिटाला ५६ फेरे. २४-३४ केलं तर ६८. हाच माणूस ३४-२८ गियरच्या रोडबाइकवर बसला तर ४१.

बहुतेकांना बसून, लांब चढावर, मिनिटाला ६० ते ८० फेरे सोसतात. ५० च्या खाली गेलं की काम फुप्फुसांकडून मांड्या आणि गुडघ्यांकडे सरकतं. कारण साधं आहे: ताकद तीच, फेरे कमी, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात दाब जास्त. १७० मिलिमीटरचे क्रँक (पायडलचे दांडे) धरले तर ८ टक्के चढावर २४-३४ च्या हायब्रिडला पायडलवर सरासरी ११ किलोचा दाब लागतो, आणि ३४-२८ च्या रोडबाइकला, ती चार किलो हलकी असूनही, सुमारे १७ किलोचा. हा सरासरी आकडा आहे. क्रँक आडवा असताना दाब याहून बराच वाढतो. पाऊण तास असं रेटलं की गुडघा बोलू लागतो.

आता वजनाचा हिशेब शेजारी ठेवा, कारण या लेखाचं सगळं सार इथे आहे. हायब्रिड सोडून चार किलो हलकी रोडबाइक घेतली, तर एकूण वजन ८३ होतं आणि चढायचा वेग तासाला ५०० वरून सुमारे ५२४ मीटर. ३४-२८ वर फेरे ४१ चे ४३ होतात. दोन फेऱ्यांचा फायदा. त्याच हलक्या सायकलीवर मागे २८ ऐवजी ३४ दातांची चकती टाकली तर फेरे ४३ चे ५२ होतात. दोन फेऱ्यांसाठी हजारो रुपये, आणि नऊ फेऱ्यांसाठी एक कॅसेट, एक चेन आणि कदाचित एक डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग).

मग वजनाने काय मिळतं? वेळ मिळतो. ३०० मीटर उंचीचा घाट ८७ किलो घेऊन ३६ मिनिटांत होत असेल, तर दर किलोमागे साधारण २५ सेकंद वाचतात. चार किलोंना १ मिनिट ४० सेकंद. शर्यतीत ते पुष्कळ आहे. आपल्याला न उतरता माथ्यावर पोचायचं असेल, तर ते काम गियर करतो.

तपासा: तुमच्या सर्वांत उभ्या तुकड्यावर फेरे ६० च्या वर येत असतील तर गियर बदलायची गरज नाही, थेट सातव्या पायरीकडे जा. ५० ते ६० मध्ये असाल आणि तो तुकडा छोटा असेल तर चालेल. ५० च्या खाली असाल तर पुढची पायरी तुमच्यासाठी आहे.

## ६. गियर बदला

### आधी काय बसेल ते पाहा

मागचा संच दोन प्रकारचा असतो. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतो, बहुतेक ६ आणि ७ गियरच्या स्वस्त सायकलींना तोच असतो. कॅसेट फ्रीहबवर (हबच्या सुट्या फिरणाऱ्या भागावर) सरकवून लॉकरिंगने (आट्यांच्या कड्याने) आवळतात. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मागच्या चकत्यांची संख्या मात्र तीच ठेवा: ७ च्या जागी ७, ८ च्या जागी ८. म्हणजे हँडलवरचे शिफ्टर (गियर बदलायचे खटके) बदलावे लागत नाहीत.

नंतर मागचा डिरेलर. त्याच्या दोन मर्यादा असतात. पहिली, तो जास्तीत जास्त किती दातांची चकती सांभाळतो. दुसरी, किती सैल चेन ओढून धरतो. दुसरीचा हिशेब असा: पुढच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक. पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४-२८ असेल तर १८ अधिक १४, म्हणजे ३२. मागे १४-३४ केलं तर ३८. डिरेलरच्या मागच्या बाजूला मॉडेलचा नंबर कोरलेला असतो, त्यावरून कंपनीने दिलेल्या दोन्ही मर्यादा शोधा. छोट्या पिंजऱ्याचा (दोन छोटी चाकं धरणाऱ्या चौकटीचा) डिरेलर असेल तर लांब पिंजऱ्याचा घ्यावा लागेल.

नेहमीची चूक: "बसतंय की, फिरतंय की" म्हणून मर्यादेबाहेरची चकती टाकणं. स्टँडवर फिरतं. घाटात जोर लागल्यावर डिरेलरचं वरचं चाक चकतीला घासतं, किंवा चेन इतकी ताणते की हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारी पट्टी) वाकतो.

पुढची चकती लहान करणं हाही मार्ग आहे, पण त्यात क्रँक, बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस) आणि पुढचा डिरेलर अशी मालिका सुरू होते. आधी मागून सुरुवात करा.

### चेन नवी घ्या

मागे मोठी चकती आली की जुनी चेन बहुधा आखूड पडते. शिवाय झिजलेली चेन नवे दात लवकर खाते, आणि नवी चेन झिजलेल्या दातांवरून जोर दिला की उसळते. नेमकी घाटात उसळते, पाय रिकामा जातो आणि माणूस पडतो. झीज मोजायला पट्टी पुरते: एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर असावी. इंचाचा सोळावा भाग जास्त दिसला तर चेन गेली.

लांबी ठरवताना चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून गुंडाळा. दोन टोकं जिथे जुळतील त्याच्यापुढे दोन कड्या जास्त ठेवा, एक आतली आणि एक बाहेरची. मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलला हे माप लागू होतं.

### बसवताना

फ्रीव्हील काढायला त्याच्याच खाचेचा पाना लागतो. तो चेनच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. चढावर जोर लावला की फ्रीव्हील अधिकच आवळला जातो, त्यामुळे जुना फ्रीव्हील सहज सुटत नाही. चुकीचा पाना लावून खाचा खाल्ल्या तर हबच बदलावा लागतो, म्हणून योग्य पाना नसेल तर मेकॅनिककडून काढून घ्या. नवा बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरवा. आटे आडवे धरले तर हब वाया जातो.

मग डिरेलर लावा, या क्रमाने: आधी एच स्क्रूने सर्वांत लहान चकतीची हद्द, मग एल स्क्रूने सर्वांत मोठ्या चकतीची हद्द, मग वायरचा ताण, आणि शेवटी बी स्क्रूने डिरेलरचं वरचं चाक मोठ्या चकतीपासून पाच-सहा मिलिमीटर दूर. वायरचा ताण आधी लावत बसलात तर सगळं पुन्हा करावं लागतं.

सावध: एल स्क्रू सैल राहिला किंवा हँगर आत वाकलेला असेल, तर सर्वांत हलक्या गियरमध्ये डिरेलर स्पोकमध्ये जातो. चाक, डिरेलर, कधी फ्रेमही जाते. सायकल टेम्पोत किंवा बसच्या डिकीत आडवी टाकून आणली असेल तर हँगर मागून पाहा. डिरेलरची दोन्ही छोटी चाकं चकतीच्या सरळ रेषेत दिसली पाहिजेत. घाटाआधी सपाटीवर, हलक्या जोराने, सर्वांत हलक्या गियरमध्ये दोनशे मीटर चालवा.

### एकच गियर असलेली सायकल

शाळेला, शेतावर, कामाला जाणाऱ्या साध्या सायकलींचा विचार अशा लेखांत कुणी करत नाही, म्हणून इथे. ४४-१८ ऐवजी मागे २२ दातांचा सुटा फ्रीव्हील बसवला तर झेप ५.४ वरून ४.४ मीटरवर येते, म्हणजे प्रत्येक चढ जवळजवळ अठरा टक्के हलका. तासाला ५०० मीटर चढणाऱ्याला ४ टक्के चढावर फेरे ३९ ऐवजी ४७ मिळतात. गावाजवळचे पूल, टेकाडं, पाझर तलावाचे बांध यांसाठी हा फरक मोठा आहे आणि खर्च फारच थोडा. चेनला एक-दोन कड्या जोडाव्या लागतील, चेनकव्हर घासतं का ते पाहा. पण ८ टक्क्यांचा घाट या सायकलने बसून चढायचा हट्ट नको. तिथे फेरे वीस-पंचवीसवर येतात. उतरून चालणं हेच तिथे योग्य.

## ७. आता वजन कमी करा, या क्रमाने

सुरुवात पिशवीपासून. जाड साखळीचं कुलूप, मोठी पॉवरबँक, "असू दे" म्हणून भरलेली हत्यारं. इथे एक-दीड किलो फुकटात निघतो.

त्यानंतर सायकलवरचं न लागणारं लोखंड: कॅरिअर, बास्केट, जाड स्टँड. मडगार्ड पावसाळ्यात काढू नका. काळ्या मातीचा चिखल टायर आणि ब्रेकमध्ये साचतो, आणि मडगार्डच्या वजनापेक्षा तो जास्त नडतो. पुढे सस्पेन्शन असेल आणि त्याला लॉक असेल तर घाटात लावून टाका, उभं राहून पायडल मारताना शक्ती फोर्कच्या हिंदकळण्यात जाणार नाही.

त्यानंतर टायर. डांबरी रस्त्यावर एमटीबीचे गोट्यांचे टायर काढून गुळगुळीत टायर घातले तर वजनही उतरतं आणि रस्त्याचा विरोधही, म्हणून खर्चाच्या मानाने हा बदल सर्वांत चांगला. मात्र हलकेपणासाठी अगदी पातळ टायर घेऊ नका. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळीचे काटे असतात. पंक्चर-रोधक थर असलेला थोडा जड टायर घाटात काही सेकंद खाईल, पंक्चर अर्धा तास खातं.

चाकं, सीटपोस्ट, हँडल, कार्बनचे सुटे भाग हे सगळं यानंतर. "चाकाचं वजन घाटात दुप्पट मोजतात" असं ऐकाल. दुप्पट ते वेग वाढवताना, आणि तेही रिम-टायरच्या कडेचं. एकाच वेगाने चढताना रिमचा किलो आणि पिशवीतला किलो जवळजवळ सारखेच.

हे कधीही काढू नका: पाणी, पंप, जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, मागचा दिवा.

पाण्याबद्दल दोन शब्द जास्त, कारण इथली चूक जिवावर बेतते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि ३०० मीटरच्या घाटात त्याची किंमत २५ सेकंद आहे. त्या २५ सेकंदांसाठी एप्रिल-मेमध्ये, पारा ४० च्या पुढे असताना, बाटली घरी ठेवणारे लोक आहेत. घाटात वेग ताशी सहा-सात किलोमीटर असतो. सपाटीवर अंग थंड ठेवणारा वारा तिथे मिळत नाही, वर तापलेला डांबर आणि कातळ. दोन बाटल्या हव्यातच, त्यातल्या एकीत ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी. पायथ्याला आणि माथ्यावर पाणी मिळतं याची खात्री असेल तर पायथ्याशी पोटभर पिऊन दुसरी बाटली अर्धी ठेवली तरी चालेल. उन्हाळ्यात घाटाचा पायथा सूर्योदयाच्या सुमारास गाठा. डोकं हलकं वाटलं, थंडी वाजली किंवा घाम थांबला तर लगेच सावलीत थांबा आणि मदत मागा.

शरीराचं वजन हा एकूण आकड्यातला सर्वांत मोठा भाग आहे हे खरं, पण फेरीच्या आधी उपाशी राहून ते कमी करू नका. रिकाम्या पोटी चढायला ताकदच राहत नाही.

## ८. घाटात गियर टाकायचा क्रम

पुढची चकती चढ लागण्याआधी बदला. लहान चकतीवर येताना चेन सैल असावी लागते, आणि पूर्ण जोर असताना ती आत पडते किंवा अडकते. म्हणून पायथ्याच्या शेवटच्या सपाट तुकड्यावर पुढे लहान, मागे मधली चकती. मग चढ वाढेल तसा मागे एकेक गियर हलका करा. प्रत्येक वेळी अर्ध्या फेऱ्यापुरता पायाचा जोर कमी करा, चेन सरकली की पुन्हा लावा. एका वेळी एकच शिफ्टर.

सर्वांत हलका गियर पहिल्या वळणावर संपवू नका. एक तरी मागे ठेवा. चढाचा पहिला तिसरा भाग मुद्दाम हळू काढा. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

उभं राहून पायडल मारायचं असेल तर आधी एक गियर जड करा, नाहीतर पाय रिकामा पडतो आणि सायकल मागे खेचल्यासारखी होते. उभं राहणं छोट्या उभ्या तुकड्यापुरतं आणि पाठ मोकळी करायला.

वळणावर आतली बाजू सर्वांत उभी असते. डाव्या वळणावर आपण नेमके तिथेच असतो. मागून गाडी नसेल तर कडेपासून थोडं बाहेर राहा. ऊस तोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या वळणावर जास्त जागा घेतात आणि ट्रॉली चढावर मागेही सरकू शकते. तिच्या मागे चिकटून चढू नका, थांबून जाऊ द्या.

जड गियरमध्ये अडकून थांबलात तर त्याच गियरवर झगडू नका. रस्त्याच्या कडेला उतरा, सीटखाली धरून मागचं चाक उचला, हाताने पायडल फिरवत गियर हलका करा. पुन्हा निघताना एक पायडल पुढे आणि वर ठेवा, ब्रेक दाबून धरा, पायाने जोर देतानाच ब्रेक सोडा.

## ९. पहिल्या फेरीनंतर

उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवा, मग सोडा. रिमब्रेक सतत घासत राहिले तर रिम तापते.

घरी आल्यावर तीन गोष्टी पाहा. नवी वायर पहिल्या फेऱ्यांत थोडी सैल पडते, गियर अडखळत असतील तर शिफ्टरजवळचा किंवा डिरेलरवरचा बॅरल (वायरचा ताण बदलणारी गोल चकरी) पाव फेरा सोडा. क्रँकचे बोल्ट आवळून घ्या, घाटातल्या जोराने ते सैल होतात आणि सैल क्रँकवर चालवलं तर त्याचं भोक खराब होतं. गुडघा कुठे दुखतो तेही लिहून ठेवा: पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खूप खाली असण्याची शक्यता आहे, ती पाच मिलिमीटर वर घ्या. पुढची फेरी त्याच घाटात करा, तीच सायकल, तेच सामान, आणि तासाला मीटरचा नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहा.